उद्योजकता पाठ करून येत नाही

पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत पहाटे सहाच्या सुमारास फेरफटका मारणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. अभ्यासिकांची दारे उघडलेली असतात, जिन्याखाली दुचाकींची दाटी झालेली असते आणि पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली घेतलेली मुले-मुली आपापल्या ठरलेल्या खुर्चीकडे निघालेली असतात. कोणी बीडचा, कोणी नांदेडचा, कोणी बुलढाण्याचा, कोणी यवतमाळचा. गावाकडून दरमहा येणाऱ्या पैशांत खोलीचे भाडे, खानावळीचा डबा, अभ्यासिकेचे शुल्क आणि चाचणी परीक्षांच्या संचांचा खर्च बसवायचा असतो. बाविसाव्या वर्षी आलेला तरुण अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याच खुर्चीत बसलेला आढळतो. मधल्या काळात गावी धाकट्या भावाने शेती पाहिलेली असते, बहिणीचे लग्न झालेले असते आणि वडिलांनी ‘यंदा काय झाले?’ हा प्रश्न विचारणे सोडून दिलेले असते.

या तरुणांपुढे असलेली शक्यता किती, याचे उत्तर दोन भरतींच्या आकड्यांतून मिळते. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ साली पोलीस दलातील १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज भरले. पहिल्या भरतीत दोनशेहून अधिक जणांत एक, दुसऱ्या भरतीत सुमारे शंभरांत एक, असा हा हिशेब आहे. निवड झालेल्याचा सत्कार होतो, गावात फलक लागतो, मिरवणूक निघते. ते योग्यच आहे. परंतु उरलेल्या नव्व्याण्णव जणांचे पुढे काय होते, याची नोंद कोणत्याही दफ्तरी नसते. राष्ट्राचे भवितव्य घडवण्याची उमेद ज्यांच्याकडून बाळगायची, त्या पिढीची पाच-सहा उमेदीची वर्षे अशी प्रतीक्षेत विरून जातात.

या मुलांना दोष देण्याची एक सोपी प्रथा पडून गेली आहे. ‘मराठी तरुणाला धंदा नको, नोकरी हवी’ हे वाक्य व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची सत्यता तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही. ज्या मुलाने वडिलांना सोयाबीनचा भाव कोसळताना हताश होऊन बसलेले पाहिले, ज्याने एका अवकाळी पावसात वर्षाची कमाई वाहून जाताना पाहिली, त्याच्या दृष्टीने महिन्याच्या अखेरीस निश्चित येणारा पगार हा आळसाचा नव्हे, सुरक्षिततेचा विचार असतो. जोखीम त्याने घरीच भरपूर अनुभवलेली आहे. त्याला जोखमीचे गोडवे ऐकवून भागणार नाही. आणि हे गोडवे ऐकवणारे व्याख्याते अनेकदा निवृत्तिवेतनधारक असतात, हेही त्या चाणाक्ष मुलाच्या लक्षात आलेले असते.

तेव्हा प्रश्न मुलांच्या वृत्तीचा कमी आणि शिक्षणाच्या घडणीचा अधिक आहे. उद्योग करणे ही जर शिकण्याची गोष्ट असेल, तर ती कोठे, कोणाकडून आणि कोणत्या वयात शिकायची? गेल्या काही दशकांत या प्रश्नाला शासकीय उत्तरे मिळाली नाहीत असे नाही. १९८३ साली अहमदाबादेत भारतीय उद्योजकता विकास संस्थान उभे राहिले, १९८८ साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. २०१५ नंतर तर कौशल्य भारत, मुद्रा, स्टार्टअप इंडिया अशा योजनांनी या क्षेत्राला मोठी चालना दिली. भांडवलाची दारे पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद उघडली आहेत. मुद्रा योजनेतील कर्जाची कमाल मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पाने, आधीचे ‘तरुण’ गटातील कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, दहा लाखांवरून वीस लाखांवर नेली. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि स्थान पाहून प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते.

मात्र याच ठिकाणी एक विकृतीही शिरली आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आधी उद्योग सुचावा आणि मग त्यासाठी साहाय्य शोधावे, हा स्वाभाविक क्रम. प्रत्यक्षात आधी अनुदानाची टक्केवारी पाहिली जाते आणि मग त्या चौकटीत बसणारा उद्योग शोधला जातो. तयार प्रकल्प अहवाल विकत मिळतो. काही दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र फाइलला लावले जाते. ज्याने आयुष्यात एकही वस्तू करून गिऱ्हाइकाला विकलेली नाही, तो तरुण पहिल्याच दिवशी लाखोंच्या यंत्रसामग्रीचा मालक होतो. पोहायला न शिकलेल्याला थेट खोल पाण्यात सोडून वर किनाऱ्यावरून प्रोत्साहनपर भाषण करावे, तसा हा प्रकार आहे.

पाबळच्या माळावरचा प्रयोग

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. पर्जन्यछायेचा टापू, खडकाळ माळ. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ येथे येऊन राहिले. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात विद्यावाचस्पती झालेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात उच्चपदावर काम केलेले डॉ. कलबाग उतारवयाच्या उंबरठ्यावर, पत्नीसह, सुखवस्तू मुंबईतून उठून या माळावर आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून या आश्रमाची वाटचाल झाली. २००३ साली डॉ. कलबागांचे निधन झाले, पण आश्रमाचे काम थांबले नाही.

त्यांनी विद्यार्थी निवडले ते शाळेने नाकारलेले. आठवी-नववीत नापास झालेला, इंग्रजी-गणिताला कंटाळलेला, गावाच्या पारावर बसू लागलेला मुलगा. अशा मुलाचे बुद्धिमापन करण्याऐवजी त्याच्या हाती वेल्डिंगचा होल्डर दिला, ओळंबा दिला, मातीपरीक्षणाची पेटी दिली. एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी चार अंगे ठेवली. गावात लागणारी जवळजवळ सारी कामे या चारांत येतात. लोखंडी दार-खिडक्या, विजेची जोडणी, फेरोसिमेंटच्या टाक्या, कोंबडीपालन, रोपवाटिका, अन्नप्रक्रिया, रक्तगट व हिमोग्लोबिनची तपासणी या सगळ्यांवर मुलाचा हात फिरतो. पुढे या शिक्षणाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली.

येथवरचे वर्णन एखाद्या चांगल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेलाही लागू पडेल. पाबळचे वेगळेपण यापुढे आहे. तेथे विद्यार्थी सरावासाठी वस्तू करत नाही, तर गिऱ्हाइकासाठी करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी कानशीने लोखंडाचा चौकोन घासतो, निदेशक मोजून गुण देतो आणि तो चौकोन भंगारात जातो. पाबळच्या विद्यार्थ्याने जोडलेले फाटक मात्र एखाद्या शेतकऱ्याच्या कुंपणाला लागते. ते वाकडे झाले तर शेतकरी परत येतो. लोखंड किती लागले, वेल्डिंगच्या कांड्या किती जळल्या, विजेचे किती झाले, मजुरी किती धरायची आणि शेतकऱ्याला किती सांगायचे, हा हिशेब त्याच मुलाला मांडावा लागतो. शाळेत ज्या मुलाला टक्केवारीचे गणित कधी सुटले नाही, त्याला इथे वाया गेलेल्या पट्टीची टक्केवारी बरोबर काढता येते, कारण ती चुकली तर तोटा डोळ्यांसमोर दिसतो.

कलबागांनी आणखी एक धाडसी विचार मांडला. शिकवणारा निदेशक केवळ पगारी शिक्षक नसावा, तो स्वतः गावाला सेवा विकणारा व्यावसायिक असावा. त्याचा व्यवसाय हीच शाळा आणि त्याचे विद्यार्थी हेच त्याचे सहकारी. ज्याला आपल्या कामावर पोट भरता येत नाही, त्याच्याकडून मुलांनी पोट भरण्याची विद्या कशी शिकावी, असा साधा व्यवहारी तर्क त्यामागे होता. भूगर्भातील पाणी शोधण्यासाठी विद्युतरोधकता मोजणारे स्वस्त उपकरण आश्रमाने विकसित केले, तेव्हा ते वापरण्यास शिकलेल्या तरुणांना विहिरी-बोअरच्या जागा सांगण्याचा व्यवसाय मिळाला. विज्ञान येथे थेट रोजगाराला जोडले गेले. याच माळावर २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेच्या सहकार्याने जगातील पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक उभी राहिली, ही गोष्ट शहरी सुशिक्षितांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आश्रमातील हा अनुभव माध्यमिक शाळांसाठीही वापरला गेला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस कार्यशाळेत घालवावा, अशी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाची रचना केली गेली आणि राज्य मंडळाने तिला मान्यता दिली. महाराष्ट्रातील अनेक ग्रामीण शाळांत आणि पुढे राज्याबाहेरही ती गेली. आठवड्यातला एक दिवस पुस्तकाबाहेर काढल्याने दहावीचा निकाल खालावेल, ही पालकांची पहिली भीती. हाताने काम करणाऱ्या मुलाला विज्ञान आणि गणित अधिक उमगते, ही कलबागांची भूमिका होती आणि ती केवळ श्रद्धा नव्हती. ज्या मुलाने घरातल्या खोलीची वायरिंग स्वतः केली आहे, त्याला ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही.

या विचाराचे नाते १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमशी आहे, हे उघड आहे. मग ती शिक्षणपद्धती देशभर का रुजली नाही? अनेक शाळांत टकळीचा तास आला, पण त्या सुताला गिऱ्हाईक नव्हते. कोणालाही नको असलेली वस्तू रोज करत राहण्याइतके निरुत्साही काम दुसरे नाही. तो तास हळूहळू कर्मकांड झाला आणि मग वेळापत्रकातून नाहीसा झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षण, दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी अशा उत्तम तरतुदी केल्या आहेत. किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा यासाठी त्या धोरणाने २०२५ हे वर्ष ठरवले होते. परंतु दप्तराविना दिवस म्हणजे कुंभाराच्या चाकापाशी उभे राहून छायाचित्र काढणे, अशी जर शाळांची समजूत झाली, तर टकळीचाच इतिहास पुन्हा घडेल. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ पासून उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि पुढे अकरावी-बारावीच्या मुलांना दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देऊन धंदा करून पाहण्यास सांगितले गेले. त्या प्रयोगाच्या राजकीय जाहिरातबाजीविषयी बरेच बोलता येईल. पण मुलाच्या हाती थोडे पैसे देऊन ते बुडवण्याची मुभा द्यावी, ही कल्पना मात्र चांगली होती.

जुन्या कारखान्यांची शाळा

महाराष्ट्राला हे सारे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधत्वामुळे ते शिक्षण सुटले, म्हणून यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी गोऱ्या वर्णाचा निकष आडवा आला, तेव्हा नोकरी सोडून बेळगावच्या सायकल दुकानाकडे परतले. त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला, त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट नांगराची नाही, माणसांची आहे. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला तुकाराम रामोशी तेथे राखणदार झाला. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. एका दृष्टीने पाहिले तर किर्लोस्करवाडी हा कारखाना होताच, पण ती वाया गेलेली म्हणून समाजाने बाजूला टाकलेल्या माणसांची शाळाही होती. त्या शाळेत प्रवेशपरीक्षा नव्हती. पुढे १९१९ साली ‘रयत शिक्षण संस्था’ स्थापन करून कमवा व शिका या तत्त्वावर हजारो गरीब मुलांना उभे करणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे त्यापूर्वी ओगले काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांसाठी काम करत, नांगराच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडत. कमाई आणि शिक्षण यांची सांगड त्यांना कोणत्या ग्रंथात सापडली असेल असे वाटत नाही. ती फिरस्तीत सापडली असणार.

याच काळातील दुसरे उदाहरण आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना सुरू झाला. परदेशातून काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. नफ्या-तोट्याच्या तराजूत तो कारखाना फार मोठा ठरला नाही. तथापि भट्टीसमोर उभे राहून काच फुंकायला शिकलेली माणसे तेथून बाहेर पडली आणि देशातील इतर काचकारखान्यांत गेली. लोकांच्या एकेका पैशातून काच तर झालीच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे काचकामगारांची एक पिढी झाली. आज कोट्यवधींच्या खर्चाने उभ्या राहणाऱ्या कौशल्यकेंद्रांची फलनिष्पत्ती याच मापाने मोजायला हवी. प्रमाणपत्रे किती वाटली हा हिशेब बाजूला ठेवून, दोन वर्षांनी किती जण त्याच कामावर पोट भरत आहेत, हे पाहावे.

तिसरा माणूस

स्वयंरोजगार आणि उद्योग यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ साली देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांच्या आसपास लोक स्वयंरोजगारित होते. हा आकडा ऐकून देश उद्योजकांचा झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्यांतील मोठा वाटा घरच्या शेतीत वा दुकानात विनामोबदला राबणाऱ्यांचा आहे. दिवंगत दत्तोपंत ठेंगडी या स्वयंरोजगारित वर्गाला विश्वकर्मा क्षेत्र म्हणत आणि कामगार व मालक या दोनच कप्प्यांत समाजाची वाटणी करणाऱ्या विचाराला ते क्षेत्र दिसत नाही, असे सांगत. ते दिसणे ही पहिली पायरी होय. त्या क्षेत्राला एक पायरी वर चढवणे ही त्यापुढची.

२०१३ सालच्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत १३ कोटी १३ लाख माणसे काम करत होती. म्हणजे एका आस्थापनेत सरासरी दोनाहून थोडी अधिक. सत्तर टक्क्यांहून अधिक आस्थापनांत तर पगारी माणूस एकही नव्हता. आता केवळ कल्पना करावी की यांपैकी दर दहांतील एका मालकाने एक माणूस जास्तीचा ठेवला. साडेअठ्ठावन्न लाख रोजगार उभे राहतात. कोणत्याही मोठ्या परदेशी प्रकल्पाच्या करारपत्रात एवढा आकडा सापडणार नाही.

मग तो मालक तिसरा माणूस का ठेवत नाही? गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत याचे उत्तर मिळते. मालक सकाळपासून स्वतः काम करतो, दुपारी स्वतःच वसुलीला जातो, संध्याकाळी स्वतःच माल आणतो. घरखर्च आणि धंदा यांचा गल्ला एकच असतो. कोणत्या कामात पैसे सुटतात आणि कोणत्या कामात नुसतीच धावपळ होते, हे त्याला मोघम ठाऊक असते, कागदावर ठाऊक नसते. त्यात मोठ्या कारखान्याकडे जॉबवर्कची उधारी अडकलेली असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकवण्याचे बंधन घातले आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज सांगितले. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड देऊन, सूक्ष्म व लघु उत्पादकांचे वा सेवा देणाऱ्यांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला ती वजावट त्या वर्षी मिळणार नाही, अशी व्यवस्था केली. कायदा मालकाच्या बाजूचा आहे. परंतु ज्या एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर शेड चालते, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य कोण दाखवणार?

म्हणूनच उद्योजकता शिक्षणाचा पहिला विद्यार्थी हा महाविद्यालयीन तरुणाइतकाच हा चाळिशीचा मालक असायला हवा. जमाखर्च वेगळा कसा ठेवावा, किंमत कशी काढावी, दोन गिऱ्हाइकांवरून पाच गिऱ्हाइकांवर कसे जावे, उमेदवार मुलाला कसे शिकवावे हे त्याला त्याच्याच भाषेत, मराठीत, रात्रीच्या वेळी कोणी समजावून सांगितले, तर तिसऱ्या माणसाची जागा आपोआप तयार होते. अभ्यासिकेतून परतलेला अठ्ठाविशीचा पदवीधर त्याच्या हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला उपयोगी पडू शकतो. त्याने सहा वर्षे अर्थशास्त्र, कायदे आणि शासनव्यवस्था वाचलेली असते. ते ज्ञान निरुपयोगी नाही, त्याला फक्त दुकान मिळालेले नाही. १९९४ पासून काम करणारी लघु उद्योग भारती, माधवराव भिडे यांनी २००० साली सुरू केलेला सॅटर्डे क्लब यांसारख्या संघटनांनी लहान उद्योजकांना एकत्र आणले आहे. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीबाहेर, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपर्यंत हे काम पोहोचायचे बाकी आहे.

कोणाची मुले, कोणाची ऐरण

या विषयाची एक बाजू अधिक नाजूक आहे. लोहार, सुतार, कुंभार, चर्मकार, बुरूड, वडार या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य होते, पण त्यांना भांडवल आणि प्रतिष्ठा मिळाली नाही. ज्यांना प्रतिष्ठा मिळाली, त्यांनी हातात कानस धरणे कमीपणाचे मानले. परिणामी ज्याच्या हाती कला त्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याच्या हाती पदवी त्याच्या हाती कला नाही, अशी फाळणी झाली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेने अठरा कारागिरी व्यवसायांना ओळखपत्र, अवजारांसाठी साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंतचे विनातारण कर्ज उपलब्ध करून दिले, हे स्वागतार्हच आहे. पण या मार्गाने लोहाराच्या मुलाला पुन्हा ऐरणीलाच बांधले जाणार असेल, तर ते समरसतेच्या विचाराशी विसंगत होईल. लोहाराच्या मुलीला संगणकावर यंत्राचे आरेखन करता यावे आणि शिक्षकाच्या मुलाला ऐरणीवर घण मारता यावा, या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत घडायला हव्यात. चिंचवडच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलममध्ये गिरीश प्रभुणे यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या शिक्षणात पारंपरिक कला आणि आधुनिक विद्या यांना शेजारी बसवले. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबरने नोकरी देणारे बना, असे आवाहन केले. ते आवाहन लोकांना पटले, कारण ते करणारे स्वतः उद्योग करून उभे राहिलेले होते.

आता घरातली गोष्ट. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण शाळेत सर्वांनीच ऐकलेली आहे. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत मात्र ती उलटी छापलेली असते. मुलीच्या अपेक्षेच्या रकान्यात ‘कायमस्वरूपी नोकरी’ असे लिहिलेले असते. स्वतःच्या शेडमध्ये चार माणसांना काम देणारा तिशीचा तरुण स्थळ म्हणून नाकारला जातो आणि त्याच्या एका कामगाराचा, नुकताच कुठेतरी कंत्राटी लिपिक झालेला भाऊ पसंत पडतो. हे दुसऱ्या कोणाच्या घरात घडत नाही. स्वदेशीवर व्याख्यान ऐकून परतणाऱ्या, राष्ट्रउभारणीची चिंता वाहणाऱ्या, सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरांतच ते घडते. मुलाने धंद्याचा विषय काढला की आई म्हणते, ‘आधी नोकरी लागू दे, मग बघू.’ तिची काळजी खोटी नाही. परंतु धंदा करण्याचे वय पंचविशीचे असते आणि ‘मग बघू’ म्हणेपर्यंत पस्तिशी येते, गृहकर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. एकदा अपयश आलेल्या उद्योजकाकडे तर नातलग गुन्हेगाराकडे पाहावे तसे पाहतात. स्पर्धा परीक्षेत पाच वेळा नापास झालेल्याला सहानुभूती मिळते, धंद्यात एकदा बुडालेल्याला ती मिळत नाही. दोघांनीही कदाचित सारखीच वर्षे आणि सारखाच पैसा घालवलेला असतो. फरक एवढाच की दुसऱ्याने त्या काळात दोघा-तिघांना पगार दिलेला असतो.

या संदर्भात एक काम असे आहे की त्यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात समाजाच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांची संख्या मोठी आहे आणि त्यांपैकी कित्येकांच्या कार्यकारिणीवर या पानांचे वाचक आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तांत्रिक माध्यमिक शाळांच्या आवारात आजही सुतारकामाची आणि जोडारीची शेड असते. निदेशक निवृत्त झाल्यावर पद भरले गेले नाही, म्हणून तिला कुलूप लागले आणि आत लेथवर गंज चढला. त्या शेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर कारखान्यातून निवृत्त झालेले दोन-चार फोरमन, टूलरूममधले कारागीर, एखादा लेखापाल सकाळी बागेत फेऱ्या मारत असतो. त्यांना कोणी विचारलेले नाही. शाळेला बाके हवी असतात, ती बाहेरून विकत घेतली जातात. सायकलींसाठी स्टँड हवा असतो, त्याचे कंत्राट दिले जाते. नववीच्या मुलांनी ही बाके करावीत, संस्थेने त्यांना बाजारभावाने पैसे द्यावेत, हिशेब मुलांनीच लिहावा आणि पहिल्या बाकाचा पाय डुगडुगला तर तो त्यांनीच दुरुस्त करावा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. खर्च फार नाही. लेथला तेल, विजेची तपासलेली जोडणी, डोळ्यांना चष्मे, हातमोजे आणि शनिवारची सकाळ. किल्ली बहुधा मुख्याध्यापकांच्या खणातच असते.